पहिला इंटरव्ह्यू आणि अनुभव शून्य? मालवणच्या मुलामुलींनी तयारी कशी करायची?

‘कामाचा अनुभव’ या रकान्यापाशी आलं की हात थांबतो. निकाल चांगला असतो, कारण दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पुढे असतो. पण मुलाखतीत मार्कांच्या पुढचं विचारतात. मग काय सांगायचं?

अनुभव नाही म्हणजे नेमकं काय नाही?

पगाराची पावती नाही, एवढंच. काम तर अनेकांनी केलेलं असतं.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग इथे घरोघरी पर्यटकांच्या खोल्या झाल्या. मे महिन्यात पाहुण्यांचे फोन घेणं, जेवणाची ऑर्डर लिहिणं, रात्री हिशेब जुळवणं ही कामं घरातली मुलंच करतात. कुणी बोटीवर तिकिटं फाडतं, कुणी काकांच्या दुकानात बसतं, कुणी आंगणेवाडीच्या जत्रेत स्वयंसेवक असतं. हॉटेल, दुकान किंवा विमानतळावर नोकरी देणाऱ्याला हेच ऐकायचं असतं.

आज रात्री वहीत अशी पाच कामं लिहून काढा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: काय अडचण होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं.

‘अनुभव नाही, मग तुम्हाला का घ्यायचं?’

हा प्रश्न येणारच. उत्तर असं देता येईल:

“नोकरीचा अनुभव नाही, हे खरं आहे. पण आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. गेल्या मे महिन्यात एकाच दिवसाचं बुकिंग दोन कुटुंबांना गेलं होतं. मी शेजारच्यांकडे खोली मिळवून दिली आणि त्यानंतर बुकिंगची वही स्वतःकडे घेतली. पुन्हा तसा घोळ झाला नाही.”

यात फुशारकी नाही आणि रडगाणंही नाही. मात्र प्रसंग तुमचाच हवा. खोटं सांगितलं तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

आणखी काय विचारतात?

*स्वतःबद्दल सांगा.* एका मिनिटात शिक्षण, एखादं केलेलं काम आणि ही नोकरी का हवी, एवढंच सांगा. घरातल्या माणसांची यादी नको.

*घरापासून लांब राहाल का? शिफ्ट चालेल का?* गोवा, मुंबई किंवा पुण्याच्या नोकरीसाठी हे हमखास विचारतात. घरच्यांशी आधी बोलून घ्या. तिथे ‘विचारून सांगतो’ म्हणावं लागलं तर तयारी कच्ची वाटते.

*पगार किती हवा?* तशा कामाला तिथे किती मिळतात, हे आधीच नोकरीला लागलेल्या मित्राला विचारा. खोलीभाडं आणि जेवणाचा खर्च काढा. मगच आकडा सांगा.

इंग्रजी कच्चं असेल तर?

मालवणीत विचार करून इंग्रजीत बोलताना अडखळायला होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साधी, छोटी वाक्यं तयार करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. अगदीच अडलं तर ‘हिंदीत सांगू का?’ असं विचारायला हरकत नाही.

आदल्या दिवशी काय करायचं?

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवली गाठावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. लांबची मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर जिथे रेंज पक्की मिळते ती जागा आधी बघून ठेवा. मोबाइल पूर्ण चार्ज करा, कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

बायोडाटा एका पानाचा पुरे. मूळ कागदपत्रं दाखवायला न्या, पण देताना झेरॉक्सच द्या.

पैसे मागितले तर?

थांबा. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग किंवा डिपॉझिटच्या नावाखाली नोकरीआधी पैसे मागणं ही फसवणुकीची नेहमीची खूण आहे. कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

कागदावरचा अनुभव कुठे मिळेल?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण आणि विद्यावेतन ठरलं: बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये. नोंदणी महास्वयंम पोर्टलवर होते. सध्या जागा आहेत का, हे तिथे किंवा ओरोसच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारा. आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना अॅप्रेंटिसशिपचाही मार्ग आहे.

नाही निवडलं तर?

घरी येताना एसटीतच, आठवतायत तोवर विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीत त्यातले बरेच पुन्हा येतात, आणि तेव्हा तुमच्याकडे एका मुलाखतीचा अनुभव असतो.