लिनक्स प्रतिष्ठापन मार्गदर्शिका
लिनक्स प्रतिष्ठापन मार्गदर्शिका : लिनक्स कुलातील प्रणालींवर एखादी आज्ञावली कशी बसवावी, हे वापरणाऱ्यास सांगणारे लेखन. लिनक्स हे वस्तुतः एका गाभ्याचे नाव असून त्याभोवती निरनिराळ्या गटांनी व कंपन्यांनी रचलेल्या शेकडो प्रणाली ‘वितरणे’ या नावाने प्रचारात आहेत. त्यांतील फाइलींच्या जागा, पॅकेजांची नावे व ती बसविण्याचे आदेश भिन्न असल्याने एका वाचकासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यास निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरते. या लेखनप्रकाराचा इतिहास हा मुख्यत्वे ही भिन्नता नाहीशी करण्याच्या प्रयत्नांचा आणि त्यांच्या अपुऱ्या यशाचा इतिहास होय.

लिनस टोर्व्हाल्ड्‌स (१९६९– ) यांनी हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये हा गाभा प्रसिद्ध केला. सोबतच्या टिपा मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्या जाणकारांसाठीच होत्या. १९९२ मध्ये मँचेस्टर येथील संगणन केंद्राचे व एसएलएस ही वितरणे निघाली आणि १९९३ मध्ये स्लॅकवेअर व डेबियन यांची भर पडली. याच सुमारास लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रॉजेक्ट या स्वयंसेवी उपक्रमातून ‘हाउटू’ नावाच्या विषयवार पुस्तिका तयार होऊ लागल्या. मॅट वेल्श यांचे लिनक्स इन्स्टॉलेशन अँड गेटिंग स्टार्टेड हे पुस्तक याच उपक्रमातील. त्याच्या पुढील आवृत्त्यांत निरनिराळ्या वितरणांना स्वतंत्र विभाग द्यावे लागले, ही गोष्ट सूचक आहे.

प्रणालीवर नंतर बसवावयाच्या आज्ञावल्यांचा प्रश्न प्रारंभी सोपा वाटला. ऑटोकॉन्फ या १९९१ मधील ग्नू साधनामुळे मूळ संहितेच्या गठ्ठ्यात ‘इन्स्टॉल’ नावाची एक ठराविक मजकुराची फाइल येऊ लागली. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ व ‘मेक इन्स्टॉल’ हे तीन आदेश क्रमाने द्यावेत, असे तीत सांगितलेले असे. ही भाषा सर्व प्रणालींना समान होती. परंतु आवश्यक लायब्ररी नसल्यास पहिलाच आदेश मध्येच थांबे, आणि ती कोणत्या पॅकेजातून मिळवावी हे फाइल सांगत नसे. डेबियन कुलात अशा विकसन-पॅकेजाच्या नावाअखेर ‘डेव्ह’, तर रेड हॅट कुलात ‘डेव्हेल’ येते. एवढे एक अक्षरगट माहीत नसल्याने नवख्याचा अख्खा दिवस वाया जाऊ शके.

पॅकेज-पद्धतीने हे कष्ट कमी केले. डेबियनचे डीपीकेजी, रेड हॅटचे आरपीएम (१९९५) आणि अवलंबी पॅकेजे आपोआप आणणारी, डेबियनमध्ये १९९९ पासून रूढ झालेली एपीटी ही साधने, तसेच पुढील यम, पॅकमॅन, डीएनएफ इत्यादींमुळे पानभर सूचनांच्या जागी एक ओळ पुरू लागली. मात्र ती ओळ प्रत्येक कुलात निराळी होती. अपॅची हा वेब-सेवक डेबियनमध्ये ‘अपॅची२’, तर फेडोरात ‘एचटीटीपीडी’ या नावाने बसवावा लागतो. उबुंटूने (२००४) रूट खाते बंद ठेवून ‘सुडो’चा वापर रूढ केला, त्यामुळे ‘रूट म्हणून प्रवेश करा’ ही जुनी सूचना तेथे लागू पडेना. नोड-जेएस या आज्ञावलीचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. तिचा आदेश ‘नोड’. परंतु डेबियनमध्ये हे नाव हौशी रेडिओच्या एका आज्ञावलीने आधीच घेतलेले होते. तांत्रिक समितीने २०१२ मध्ये ते दोघींसही नाकारले. परिणामी मूळ लेखकांची सूचना तंतोतंत पाळणाऱ्या डेबियन-वापरकर्त्यास ‘आदेश सापडला नाही’ असे उत्तर मिळे. हा निर्णय २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. दोष ना वाचकाचा होता, ना सूचना लिहिणाऱ्याचा.

प्रमाणीकरणाचे प्रयत्नही झाले. डिरेक्टऱ्यांच्या रचनेचे प्रमाणक १९९४ मध्ये निघाले व ते बऱ्याच अंशी रुजले. लिनक्स स्टँडर्ड बेसने (२००१) आरपीएम हाच समान पॅकेज-नमुना ठरविला व त्यास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा दर्जाही मिळाला. तथापि डेबियनने २०१५ मध्ये त्यातून बहुतांशी अंग काढून घेतले. फ्लॅटपॅक, स्नॅप यांसारखे नमुने आज्ञावली व तिच्या लायब्रऱ्या एकत्र बांधून देतात. त्यांनी काम खरोखर सुलभ केले. परंतु ही साधने स्वतः कशी बसवावीत, हे पुन्हा वितरणानुसारच सांगावे लागते.

या अडचणीला कंटाळून अनेक प्रकल्प, जालावरून एक आदेशसंहिता आणून ती थेट रूटच्या अधिकाराने चालवावी, अशी एकच ओळ देतात. ती आखूड असते, स्पष्ट नसते. संगणकावर काय घडणार आहे हे वाचकास न कळताच तो आपले सर्वाधिकार अनोळखी लेखकाच्या हाती सोपवितो. पायथॉनची पॅकेजे ‘सुडो पिप’ने बसविण्याचा सल्लाही असाच वर्षानुवर्षे दिला गेला. त्याने प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींशी संघर्ष होत असे. म्हणून डेबियन १२ (२०२३) पासून असा आदेश प्रणालीच नाकारते आणि असंख्य जुन्या मार्गदर्शिका एकाएकी कालबाह्य झाल्या. कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीवर सूचना पडताळल्या, प्रत्येक आदेश काय करतो, तो यशस्वी झाल्याचे कसे ओळखावे आणि बसविलेले काढावे कसे, एवढे सांगणारी मार्गदर्शिका लांब असली, तरी तिचा वाचक निदान अडल्यावर कोठे अडला हे जाणतो.

भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने डेबियनच्या सूचना तिला बहुधा लागू पडतात. मात्र ती डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर उभी आहे, हे आधी पाहावे लागते. आदेश रोमन लिपीतच द्यावे लागत असले, तरी एपीटीसारख्या साधनांच्या संदेशांची मराठी भाषांतरे झालेली आहेत. मराठी पर्यावरणात काम करणाऱ्यास दिसणारा दोषसंदेश त्यामुळे मार्गदर्शिकेतील इंग्रजी संदेशाशी जुळत नाही. अशा वेळी आदेशापूर्वी ‘एलसी_ऑल’ या चलाचे मूल्य ‘सी’ असे दिल्यास संदेश इंग्रजीत मिळतो.