पुणे शहरातील जुनी जलस्थाने
पुणे शहराच्या जिव्हाळ्याच्या वास्तू व प्रथा यांपैकी अनेक पाण्याशी निगडित आहेत. त्यांतील काहींचे पाणी नाहीसे झाले, काहींचे साहित्य बदलले, तर काहींची जागा दुसऱ्याच सोयीने घेतली. नावे मात्र बहुधा जुनीच राहिली. या नावांमुळे शहराची स्मृती टिकली, हे खरे. तथापि काय हरवले याकडे त्यांनी काहीसे दुर्लक्षही करविले.

मुठा नदी जवळ असूनही वाढत्या वस्तीस तिचे पाणी पुरेनासे झाले, तेव्हा नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत दगडी नळातून शहरात आणविले. हा नळ माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा उंच असून त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. गाळ खाली बसून वरचे निवळ पाणी केवळ उताराने पुढे जाई. शनिवारवाड्यातील कारंज्यांबरोबर पेठांतील सार्वजनिक हौदही या पाण्यावर भरत. पुढे सरदारांनी व सधन नागरिकांनी आपल्या नावे हौद बांधले.

हौद हे नुसते पाणी भरण्याचे ठिकाण नव्हते. कोणी कोठे पाणी भरावे यावर जातिनिर्बंधांची सक्त नजर असे. म्हणूनच महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना पुण्याच्या सामाजिक इतिहासात कोणत्याही वाड्याच्या बांधकामाइतकीच महत्त्वाची ठरते. सत्यशोधक डॉ. विश्राम घोले यांनी अकाली निवर्तलेल्या कन्येच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौदही याच परंपरेतील होय. खडकवासला धरण (१८७९) झाल्यानंतर नळाचे पाणी हळूहळू घरोघर पोहोचले आणि हौदांची निगा मागे पडली. काही हौद बुजले. काहींचे नाव तेवढे चौकाला राहिले.

पर्वतीच्या पायथ्याचा तलाव हे या परिवर्तनाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. पेठांतून वाहणारा आंबील ओढा नानासाहेबांच्या काळात वळवून हा तलाव करण्यात आला व त्यातील बेटावर सारसबाग फुलविली गेली. नावाडी म्हणून मराठी न जाणणारे हबशी नेमून पेशवे नौकेत गुप्त खलबते करीत, अशी आख्यायिका आहे. ती रम्य असली, तरी आख्यायिकाच समजावी. सवाई माधवरावांनी (कार. १७७४–९५) १७८४ मध्ये बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. विसाव्या शतकात तलावाची जागा उद्यानाने घेतली. तरीही ‘तळ्यातला गणपती’ हे नाव पुणेकरांच्या तोंडून गेले नाही. लगतच्या पेशवे उद्यानात (१९५३) ‘फुलराणी’ ही बालगाडी १९५६ मध्ये सुरू झाली. तेथील प्राणी मात्र कात्रजचे प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये स्थापन झाल्यावर क्रमाक्रमाने तिकडे हलविण्यात आले. थंडीत मूर्तीस लोकरीचे कपडे घालण्याची प्रथा व दिवाळीच्या पहाटेची गर्दी यांमुळे हे स्थान आजही लोकप्रिय आहे. तलाव गेला तरी ओढा उरला होता. त्याचे पात्र आक्रसत गेले आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने त्यास आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले.

पानिपतच्या युद्धानंतर १७६१ मध्ये मुठेवर बांधलेल्या लाकडी पुलाच्या जागी पुढे दगडी पूल झाला. त्यास ‘संभाजी पूल’ हे अधिकृत नाव मिळाले, तरी लोकांनी त्याला ‘लकडी पूल’च म्हटले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या महापुराने हा पूल व नदीकाठच्या पेठा ग्रासल्या. असंख्य जुने वाडे कोसळले आणि नदीकाठची शेकडो कुटुंबे शहराच्या कडेला उभारलेल्या गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत गेली. पेठांचे एकजिनसी जीवन विस्कटण्यास जी कारणे झाली, त्यांत हा पूर अग्रगण्य मानावा लागेल.

सार्वजनिक गणेशोत्सवास पुण्यात १८९३ च्या सुमारास आरंभ झाला व लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९४ पासून त्याचा विस्तार झाला. विसर्जन अर्थातच मुठेत होई. धरणांमुळे पावसाळ्याव्यतिरिक्त नदीचा प्रवाह क्षीण झाला आणि सांडपाण्याने तिचे पाणी दूषित झाले. परिणामी महानगरपालिकेने घाटांवर विसर्जनासाठी हौद ठेवले. घरोघरच्या मूर्तींपाठोपाठ अलीकडे मानाच्या गणपतींचे विसर्जनही अशा हौदांत होऊ लागले आहे. पेठांतून लोपलेला हौद अशा रीतीने नदीकाठी परत आला. मिरवणूक मात्र पूर्वीप्रमाणेच लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे व तेथून नदीच्या घाटांकडे जाते.