सुपरमॅनचे १३० डॉलर

मार्च १९३८ मधला एक चेक आहे. रक्कम ४१२ डॉलर. त्यातले २८२ डॉलर इतर कामांचे आणि उरलेले १३० डॉलर एका तेरा पानी चित्रकथेचे, पानाला दहा डॉलर या दरानं. त्या चित्रकथेचा नायक सुपरमॅन. चेकवर दोघा कलावंतांची नावं चुकीची लिहिली गेली होती, म्हणून पाठीमागे दोघांनाही दोनदा सह्या कराव्या लागल्या. २०१२ मध्ये हाच चेक लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

सह्या करणारे जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे हे शाळासोबती. सीगल लिहायचे, शुस्टर चित्रं काढायचे. वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्यांनी सुपरमॅन वर्षानुवर्षं साभार परत केला होता. शेवटी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकानं तो घेतला आणि पात्रासकट सगळे हक्क लिहून घेतले. पानावर पैसे घेणाऱ्यांच्या धंद्यात तेव्हा तीच रीत होती.

आता १३० डॉलर म्हटलं की आपण हळहळतो. मला मात्र वाटतं, १९३८ मध्ये या पात्राचं मोल प्रकाशकालाही ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर जे झालं, ते जास्त बोचतं. सीगल सैन्यात असताना ‘सुपरबॉय’ त्यांना न विचारता छापायला सुरुवात झाली. १९४७ मध्ये दोघं कोर्टात गेले. सुपरमॅन प्रकाशकाचाच, सुपरबॉय मात्र सीगलचा, असा कौल आला. पण १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलर घेऊन त्यांनी दोन्हींवर पाणी सोडलं. पानांवरून त्यांची नावंही गेली.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार अशी बातमी आली. सीगल तेव्हा टायपिस्टची नोकरी करत होते, शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलनी वर्तमानपत्रांना एक जळजळीत पत्र पाठवलं, नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे चित्रकार पाठीशी उभे राहिले आणि लोकलाजेपुढे कंपनी नमली. प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर मिळू लागले आणि नावं परत छापली जाऊ लागली. हे कोर्टाबाहेर झालं, हे विशेष.

पुढच्याच वर्षी अमेरिकेचा कॉपीराइट कायदा बदलला. जुन्या काळी विकलेले हक्क छपन्न वर्षांनंतर परत मागण्याची सोय त्यात झाली. अट एकच: काम मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्या खर्चानं झालेलं नसावं. झालं! कलावंत नोकर की स्वतंत्र, हा वाद सुरू. १९९६ मध्ये सीगल वारले. वारसांनी १९९७ मध्ये नोटीस दिली. २००८ मध्ये कोर्ट म्हणालं, पहिली कथा प्रकाशकानं पाहण्याआधीच जन्मली होती, तेव्हा सीगलच्या वाट्याचा हक्क वारसांकडे परतला. केवढा विजय! पण २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं २००१ मधलं, अटी मान्य असल्याचं वारसांच्या वकिलाचं पत्रच पक्का करार ठरवलं. शुस्टर यांच्या बाबतीतही एक कागदच आड आला. १९९२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीनं कर्जं फेडली, बहिणीला वर्षाला २५,००० डॉलर देऊ केले. त्या करारानं पुढचा दावा संपला.

हल्क, एक्स-मेन या पात्रांच्या निर्मितीत मोठा वाटा असलेले जॅक कर्बी तर घरी बसून, स्वतःच्या कागद-पेन्सिलीनं काम करायचे. तरीही २०११ आणि २०१३ मध्ये कोर्टांनी हक्क मार्व्हलचेच मानले. वारस सुप्रीम कोर्टात गेले. ते प्रकरण ऐकायचं की नाही, हे तिथे ठरायला जेमतेम काही दिवस उरले असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. तिच्या अटी जाहीर केल्या गेल्या नाहीत.