शिबं, चिखल्या आणि टाकळ्याच्या शेंगा



आषाढात आपल्या तळ्याला कपडे वाळत नाहीत, हे कोणाला सांगायला नको. दोरीवरचा परकर दोन दिवसांनीही गार लागतो. आतले कपडे तर आपण साडीखाली लपवून वाळत घालतो, त्यांना धड वारासुद्धा लागत नाही. तेच दमट कपडे घालून लावणीला जायचं आणि दिवसभर चिखलात उभं राहायचं. मग कोणाच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कोणाच्या पाठीवर शिबं उठतं, कोणाच्या छातीखाली नाहीतर जांघेत लालभडक चट्टा पडतो. पाठीवरचं शिबं चारचौघींत दाखवता येतं. जांघेतलं मात्र कोणी बोलत नाही, नुसतं सोसत राहते.

हे दुखणं आजचं नाही आणि त्यावरची औषधंही आजची नाहीत. आज तोच इतिहास आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. ती खोदायला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत एक घराणं वैद्यांचं आहे. वैद्य इसिरखित आणि त्याचा मुलगा वैद्य सोमदेव. त्या लेखात सोमदेवाच्या मुलांबरोबर मुलींचीही नावं आहेत: इसिपालिता, पुसा, धंमा, सपा. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं. हे वैद्य कोणता पाला वापरत होते ते लेखात नाही. पण पाऊस तोच, खाडी तीच, तेव्हा चिखल्या आणि शिबं त्यांच्याही दारी येत असणार.

जुन्या चरकसंहितेत ‘सिध्म’ नावाच्या रोगाचं वर्णन आहे. पांढरट किंवा तांबूस, पातळ डाग, दुध्याच्या फुलासारखा रंग, बहुतेक छातीवर येणारा, आणि चोळला की धूळ सुटते. आपल्या शिब्याची खूण याहून वेगळी ती काय? एक वाईट मात्र झालं. त्या काळी कातडीच्या सगळ्याच रोगांना ‘कुष्ठ’ म्हणत. पुढे तो शब्द महारोगाला चिकटला आणि साध्या डागालाही लोक भिऊ लागले. शिबं म्हणजे कोड नव्हे, महारोगही नव्हे. 1846 मध्ये आयखश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टरनं दाखवून दिलं की हे डाग बुरशीनं पडतात. पाव फुगवणारं, माडी आंबवणारं जे यीस्ट, त्याच्याच गोतातली ही बुरशी. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते. घाम आणि ओल मिळाली की माजते. छातीखालचा नि जांघेतला ओला लाल चट्टा बऱ्याचदा दुसऱ्या एका यीस्टमुळे होतो. कडा उठलेलं गोल गजकर्ण हे तिसऱ्याच बुरशीचं काम.

आता पाल्याकडे वळू. पहिल्या पावसात रस्त्याकडेला उगवतो तो टाकळा. कोवळा असताना कांदा-खोबरं घालून त्याची भाजी आपण करतोच. संस्कृतात त्याचं एक नाव ‘दद्रुघ्न’, म्हणजे दाद मारणारा. पावसानंतर शेंगा वाळल्या की त्याच्या बिया आंबट ताकात नाहीतर लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावत. मुंबईत इंग्रज सरकारच्या औषधभांडारावर असलेल्या विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातल्या औषधी वनस्पतींची मोठी नोंद केली, तिच्यातही टाकळा आहे.

याच सुमारास मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट भुकटी गजकर्णावर विकली जाई. नाव गोव्याचं, पण ती कशापासून होते ते विकणारे सांगत नसत. 1864 मध्ये केम्प नावाच्या मुंबईच्या औषधविक्यानं तिच्याविषयी विलायतेला लिहिलं, तेव्हाही मूळ कळलं नव्हतं. 1875 च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी कोडं सोडवलं. ती त्यांच्याकडच्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली भुकटी होती. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्याला आली आणि गोव्याची म्हणून खपली. गंमत पुढे आहे. त्या भुकटीतलं द्रव्य आणि आपल्या टाकळ्याच्या बियांतलं द्रव्य एकाच घराण्यातलं निघालं. सातासमुद्रापलीकडून जे आणून विकलं जात होतं, त्याचा भाऊबंद आपल्या बांधावर उभा होता.

पण म्हणून टाकळा वाटून कुठेही थापावा असं आम्ही म्हणणार नाही. गोवा पावडर कातडी भाजायची, कपडे डागाळायची, डोळ्यांत गेली तर डोळे सुजायचे. टाकळा तिच्याइतका जहाल नाही, तरी बिया वाटताना घातलेलं लिंबू जांघेतल्या सोललेल्या कातडीवर आग करतं, आणि लिंबू लावून उन्हात गेलं की फोड येतात. लसूण चोळू नका. बिब्बा तर मुळीच नको. चिखल्यांना मेंदी लावायची आपली रीत मात्र आम्हाला शहाणपणाची वाटते. मेंदीचा रंग कातडीला धरून राहतो, आणि तो रंग बुरशीला रोखतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. फक्त ती पानं वाटून केलेली हवी, बाजारची रसायन घातलेली काळी मेंदी नको. आणि शिब्यावर खोबरेल चोळायची सवय सोडा. ती बुरशी तेलकटावरच पोसते.

यीस्टवरचं पहिलं खरं नेमकं औषध शोधलं ते दोन बायकांनी. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन. हेझनबाई अमेरिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या, तीन वर्षांच्या असतानाच आईबाप गेले, चुलत्याकडे वाढल्या. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला, आणि मातीचे नमुने काचेच्या बरण्यांतून टपालानं जायचे-यायचे. मैत्रिणीच्या शेतावरच्या, गायी चरायच्या जागेतल्या मातीत त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. 1950 मध्ये त्याच्यापासूनचं औषध जाहीर झालं: निस्टाटिन. न्यूयॉर्क स्टेटवरून ते नाव. पुढे त्याचे एक कोटी तीस लाख डॉलरहून जास्त पैसे मिळाले. दोघींनी ते सगळे संशोधनासाठी देऊन टाकले.

आपणही मागे नव्हतो. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून हामायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचं नाव आहे. तोंडातल्या आणि बायकांच्या अंगावरून जाण्याच्या त्रासातल्या यीस्टवर ते वापरलं गेलं. म्हणजे पाला असो की ट्यूब, बरंचसं औषध झाडातून नि मातीतूनच आलं. एक गावठी आणि एक शहरी, असा झगडा आम्हाला पटत नाही.

खरा घोळ अलीकडचा आहे. आमच्यातल्या एकीला जांघेत खाज सुटली. लाजेनं तिनं कोणाला सांगितलं नाही, दुकानातून ट्यूब आणवली. चार दिवसांत खाज गेली. पंधरा दिवसांत चट्टा मांडीवर उतरला. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. वर्ष झालं तेव्हा कातडी कागदासारखी पातळ झाली होती, तिच्यावर भेगांसारखे पट्टे उठले होते, आणि घरात नवऱ्याला नि मुलीलाही लागण झाली होती. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. देशभर असं इतकं झालं की 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मिळतात, हे आपण जाणतो.

मागच्या बैठकीला आम्ही सगळ्यांना घरातल्या ट्यूब घेऊन यायला सांगितलं होतं. दहावीतल्या एका मुलीनं बारीक अक्षरं वाचून दाखवली. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन यांतलं नाव आलं की ती ट्यूब बाजूला. क्लोट्रिमाझोल एकटंच असेल तर ती ठेवायची, आणि चट्टा गेल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत लावायची. ज्यांना यीस्टचा चट्टा पुन्हा पुन्हा होतो अशा दोघींना आम्ही रक्तातली साखर तपासायला पाठवलं. वाढलेली साखर अशीच पहिल्यांदा कळते कधी कधी. गरोदर बाईनं, आणि चट्ट्याला पू आला असेल किंवा ताप असेल तिनं, घरी काही न करता आरोग्य केंद्रात जावं.

आणि त्या बैठकीत एक ठरलं. आतले कपडे साडीखाली वाळत घालायचे नाहीत. ऊन असेल त्या दिवशी उघड्या दोरीवर, नाहीतर चुलीजवळच्या वलणीवर. पहिल्या दिवशी दोघी-तिघी हसल्या. आता कोणी हसत नाही.