पक्षी आणून देणारा कुत्रा : कोकण-दख्खनच्या मृगयेतील एक उणीव

कुत्र्याला सावजावर सोडण्यासाठी मराठीत ‘छू’ हा उद्गार आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्याला जवळ बोलावण्यासाठी ‘यू यू’ आहे. परंतु पडलेला पक्षी तोंडात धरून धन्याच्या हाती आणून देणे, या कृतीला एकपदी क्रियापद नाही. तशी आज्ञा देणारा सर्वपरिचित उद्गारही नाही. ‘रिट्रीव्हर’ हा इंग्रजी शब्द श्वानपालकांच्या बोलीत रुळला, तोही केवळ जातिवाचक नाम म्हणून. ही उणीव निव्वळ कोशातील नव्हे. पक्षी उचलण्यास जो कुत्रा नाखूष असतो त्याला मंद अथवा हट्टी ठरविले जाते. वस्तुतः त्याच्या अनिच्छेचे मूळ पुष्कळ अंशी या प्रदेशातील मृगयेच्या श्रमविभागणीत आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे इ. स. ११२९) सारमेयविनोद आणि श्येनविनोद असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. (ओवीच्या उल्लेखासाठी मराठीचे अभ्यासक या ग्रंथाकडे वारंवार वळतात, ही पाने मात्र सहसा उलटली जात नाहीत.) कुत्रा आणि ससाणा यांची क्षेत्रे अशी वेगळी होती. पक्ष्यांच्या शिकारीचे मुख्य साधन ससाणा होता, आणि त्याच्या शिक्षणाचे शास्त्र किती प्रगत झाले होते हे कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिक शास्त्रा’वरून कळते. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली त्याची आवृत्ती अनुवादासह प्रसिद्ध केली. पण शिकविलेला ससाणासुद्धा सावज आणून देत नाही. तो पक्ष्याला जमिनीवर दाबून बसतो. शिकाऱ्याने धावत जावे लागते. मांसाच्या तुकड्यासाठी मुठीवर परत येतो तो ससाणा, सावज नव्हे.

दख्खनचा कारवान किंवा मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला कुत्रा याहून निराळा नाही. दृष्टीने सावज हेरावे, वेगाने गाठावे आणि जबड्यात पकडावे, हा त्याचा धर्म. ससा धरण्यास योग्य असा तो जबडा लाव्याच्या नाजूक देहाला घातकच. सावज उचलून आणावयाचे काम माणसांचे होते. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखान्याची गणना होते, यावरून शिकार ही नोकरचाकरांसह चालणारी व्यवस्था होती हे उघड आहे.

इंग्लंडात छर्र्याच्या बंदुकीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा केला. दूरवर, झुडपात किंवा पाण्यात पडलेला पक्षी शोधून न चावता आणणारा कुत्रा हवा झाला. हचिन्सनचे श्वानशिक्षणावरील पुस्तक १८४८ चे. सोनेरी रिट्रीव्हरच्या वंशाचा आरंभ १८६८ मधील लॉर्ड ट्वीडमथच्या पिलांपासून धरतात. लॅब्रॅडोरला तेथील केनेल क्लबने १९०३ साली मान्यता दिली. हीच बंदूक हिंदुस्थानात आली, परंतु तिच्यासाठी कुत्र्याचा नवा वंश येथे घडला नाही. पाणलावे आणि बदके गोळा करण्यासाठी साहेबाने बहुधा माणसेच चिखलात उतरविली. ज्या पेण-रोहे पट्ट्यात रामवाडी येते, तेथील भातखाचरे, खारभूमी आणि मिठागरे पाहिली म्हणजे हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना येते. मजुरी स्वस्त होती. कुत्रा शिकविण्याला वर्ष लागते. नव्या वंशाचा अभाव बुद्धीचा नव्हे, हिशेबाचा होता.

नाखूष कुत्र्याला शिकविण्याची रीत याच दृष्टीने पाहावी. पिसे जिभेला चिकटतात, जखमी पक्षी टोचतो, आणि पूर्वी काही चावल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा तोंडात वस्तू धरण्यासच भितो. म्हणून आरंभ पक्ष्यापासून करीत नाहीत. प्रथम घरातच कापडाची गुंडाळी, मग तिला बांधलेले पंख, मग थंड झालेला पक्षी आणि अखेरीस ताजा, अशी चढण असते. घरच्या धड्यांवाचून रानात जाऊ नये, हा हचिन्सनचाही आग्रह होता. कुत्र्याने वस्तू उचलली की शिक्षकाने त्याच्यामागे धावू नये. पाठ फिरवून दूर चालावे, म्हणजे तो आपोआप मागे येतो. हिसकावून घेतल्यास जबडा अधिक आवळला जातो. खेळाची हौस संपण्यापूर्वीच धडा थांबवावा लागतो. कान पिळून तोंड उघडावयास लावण्याची सक्तीची पद्धतही प्रचलित होती. तिने आज्ञापालन साधते, पण भित्र्या कुत्र्याची नाखुशी तिने वाढण्याचाच संभव अधिक.

पुढे कायद्याने सावजच काढून घेतले. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्षी संरक्षणाचा अधिनियम झाला. १९७२ च्या केंद्रीय अधिनियमात लहान सावजासाठी परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. लॅब्रॅडोर मात्र राहिला. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने स्फोटके हुडकली, तो याच वंशाचा. अशा कुत्र्यांना शोधाचे बक्षीस म्हणून बहुधा चेंडू देतात, आणि तो ते तोंडात धरून शिक्षकाकडे आणून देतात.