मोटारीची बखर

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार हे केवळ कारागिराचे काम आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. गंजलेला पत्रा काढून नवा बसवला, कुजलेली लाकडी चौकट बदलली, इंजिन उकलून पुन्हा जोडले, की मोटार चालू होते. परंतु ती कोणत्या रूपात उभी करावयाची, हा प्रश्न पान्याने सुटत नाही. दीर्घ आयुष्यात तिचा रंग अनेकदा पालटलेला असतो, दिवे बदललेले असतात, कधी कधी सबंध अंगच दुसरे चढवलेले असते. त्यांतले मूळचे कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हे ठरवताना कारागिराला इतिहाससंशोधक व्हावे लागते. आणि इतिहाससंशोधकाला जे मोह पडतात, ते सारे त्यालाही पडतात.

मराठी वाचकाला या मोहांची ओळख निराळी करून द्यावयास नको. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांचा झगडा आपल्या परिचयाचा आहे. बखर रसाळ असते, सलग असते आणि बहुधा घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेली असते. कागद तुटक, रुक्ष आणि हिशेबी असतो. पण तो त्या दिवशीचा असतो. मोटारींच्या जगातही नेमकी हीच दोन साधने आढळतात.

याचे उत्तम उदाहरण इंग्लंडातील बेंटले गाड्यांचे आहे. डब्ल्यू. ओ. बेंटले यांनी १९१९ साली स्थापिलेली ही कंपनी १९३१ साली बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. मधल्या काळात तिच्या सुमारे तीन हजार गाड्या निघाल्या. त्या काळच्या प्रथेप्रमाणे कारखाना फक्त सांगाडा, म्हणजे मोटारवाल्यांच्या भाषेत ‘चासी’, आणि इंजिन देत असे. वरचे अंग गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून, गर्नी नटिंग, मुलिनर, व्हँडन प्लास अशा पेढ्यांकडून, चढवून घेई. म्हणून एका गाडीला दोन जन्मस्थाने असतात आणि दोन वह्यांत तिची नोंद असते. हा गैरसोयीचा प्रकार संशोधकाच्या मात्र पथ्यावर पडतो, कारण एका वहीची साक्ष दुसरीवर पडताळून पाहता येते.

कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा. १९३० च्या मार्च महिन्यात कान येथे गप्पा चालल्या असता विषय निघाला तो रिव्हिएराहून काले बंदराकडे धावणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीचा. त्याच वर्षाच्या जानेवारीत रोव्हर कंपनीच्या एका साध्या गाडीने तिला मागे टाकले होते. बार्नाटो म्हणाला की, त्यात विशेष ते काय! आगगाडी कालेला पोचण्यापूर्वी मी लंडनच्या माझ्या क्लबात हजर असेन. त्याने पैज लावली आणि आगगाडी सुटण्याच्या सुमारास १३ मार्चच्या संध्याकाळी डेल बोर्न या मित्रासह तो आपल्या स्पीड सिक्स बेंटलेतून निघाला. वाटेत पाऊस, धुके, पेट्रोलासाठी झालेली शोधाशोध आणि पंक्चर एवढे सारे सोसून त्याने बूलोन गाठले, बोटीने खाडी ओलांडली आणि १४ तारखेला दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी सेंट जेम्स भागातील कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबात पाऊल ठेवले. आगगाडी कालेला पोचावयास अजून चार मिनिटे अवकाश होता.

येथवर सारे ठीक. पुढे बखर सुरू होते. बार्नाटोची एक गाडी फार देखणी होती. गर्नी नटिंगने बांधलेली, उतरत्या छपराची, चिंचोळ्या खिडक्यांची. तिचे छप्पर इतके खाली होते की, मागच्या एकुलत्या आसनावर आडवे बसावे लागे. ब्लू ट्रेनला हरवणारी गाडी अशीच दिसावयास हवी, असे कोणालाही वाटेल. आणि तसे ते वाटलेही. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने रुळांच्या बाजूने आगगाडीशी झुंजणारी हीच गाडी रंगवली. चित्राच्या प्रती घरोघर गेल्या, आणि ‘ब्लू ट्रेन बेंटले’ हे नाव त्या गाडीला कायमचे चिकटले. कित्येक दशके कोणी शंका घेतली नाही.

अखेर शंका घेतली ती वहीने. एचएम २८५५ या क्रमांकाच्या चासीवर चढवलेली ही गाडी बार्नाटोच्या ताब्यात आली ती मे १९३० मध्ये. पैज मार्चमधली. जी गाडी अजून तयारच झालेली नव्हती, ती शर्यत कशी धावणार? बार्नाटोजवळ त्या वेळी दुसरी एक स्पीड सिक्स होती, चासी क्रमांक बीए २५९२. तिच्यावर मुलिनरचे चार दरवाजांचे अंग होते. चौकोनी, शांत, वकिलाच्या गाडीसारखे. फ्रान्सभर धावली ती ही. पुढे अमेरिकेतील ज्या संग्राहकांनी ती देखणी गाडी घेतली होती, त्यांनीच मुलिनरच्या गाडीचाही शोध घेऊन तिचा जीर्णोद्धार करविला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याच मालकीच्या वस्तूची कीर्ती कमी करणारा पुरावा बहुतेक जण तळघरात टाकतात.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे कोणी मुद्दाम लबाडी केली, असे दिसत नाही. दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या, एकाच जातीच्या. स्मरणाने कुरूप गाडी गाळली आणि सुंदर गाडी ठेवली, इतकेच.

कागद मात्र नेहमीच इतका निर्णायक नसतो. याच कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही शर्यतीची गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालकांपैकी एक बार्नाटो होता. नंतर ती ब्रुकलंड्सच्या धावपट्टीसाठी पुनःपुन्हा बदलली गेली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले, आणि त्याच वर्षी ती धावपट्टीच्या उंच कडेवरून खाली कोसळून चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुढे बार्नाटोने तिच्यावर रस्त्यावर चालविण्याजोगे बंदिस्त अंग चढवून घेतले. १९९० साली ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा झाला. मग खरेदीदाराने ही मूळ गाडीच नव्हे म्हणून हात आखडला, आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले.

तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, भागन् भाग तपासला गेला. हिशेब निघाला तो असा: १९२९ च्या गाडीतले निश्चितपणे सांगता येईल असे काहीही उरलेले नाही, १९३० च्या गाडीतले उरले आहे ते पायट्यांचा दांडा, गिअरपेटीचे कवच आणि सुकाणूचा खांब. विक्रेत्याचा दावा बुडाला, असे येथे वाटते. पण न्यायमूर्तींनी निकाल त्याच्या बाजूने दिला. मूळचे भाग राहिले नाहीत, म्हणून तिला ‘मूळची’ म्हणता येणार नाही. परंतु पहिल्या दिवसापासून आजवर तिच्या इतिहासात खंड पडलेला नाही. तिचे भाग एकेक करून, त्या त्या वेळच्या गरजेने बदलले; ती एकदम नाहीशी होऊन नवी उभी राहिली, असे कधी झाले नाही. शिवाय त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होय.

हा निर्णय वाचताना ‘मिलिंदप्रश्ना’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला नागसेन विचारतो की, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असे येते, आणि तरी राजा रथातूनच आलेला असतो. नागसेनाला त्या सर्वांच्या आधाराने चालणारे ‘रथ’ हे केवळ नाव दिसते. न्यायमूर्तींना मात्र त्या नावाची किंमत पौंडांत ठरवावयाची होती, म्हणून त्यांनी नावामागे काळाचा अखंड धागा शोधला. मला स्वतःला हा निर्णय पटतो. पण तो जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न टाकतो. इतिहास हाच जर गाडीचा प्राण, तर तिला १९२९ च्या रूपात परत नेणे म्हणजे बार्नाटोने स्वतः चढवून घेतलेले अंग फेकून देणे. शुद्धीकरणाच्या नावाखाली एक प्रकरण जाळावयाचे आणि दुसऱ्याची नक्कल करून ठेवावयाची, असा तो व्यवहार ठरतो.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी कठीण आहे, कारण बखरी उदंड आणि कागद विरळ. संस्थाने विलीन झाल्यावर, आणि १९७१ साली तनखे बंद झाल्यावर, संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या हातोहात गेल्या. अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्या कचरा वाहण्यास लावणाऱ्या महाराजांची गोष्ट कोणी ऐकलेली नाही? ती अलवरच्या नावाने सांगतात, भरतपूरच्या सांगतात, पतियाळाच्या आणि हैदराबादच्याही सांगतात. एकच कथा इतक्या दरबारांत हिंडत असेल, तर ती कथा म्हणूनच ऐकावी. रोल्स-रॉइसच्या बाबतीत सुदैव असे की, प्रत्येक चासीची नोंद इंग्लंडात जपून ठेवलेली आहे. पहिला गिऱ्हाईक कोण, अंग कोणी बांधले, हे तीवरून कळू शकते. गाडी भारतात उतरल्यानंतरचे आयुष्य मात्र त्या नोंदीत नाही.

ते असते गाडीच्याच अंगावर. नव्या रंगाखाली जुन्या रंगाचे थर असतात. दरवाजाच्या बिजागरीमागे, जेथे घासकागद पोचत नाही तेथे, पहिल्या रंगाचा ठिपका सापडतो. आसनाखालच्या लाकडावर अंग बांधणाऱ्याने घातलेला क्रमांक असतो. बुजवलेली भोके सांगतात की, येथे कधी शिकारीचा दिवा होता. जीर्णोद्धाराची पहिली पायरी म्हणजे सारा रंग खरवडून पत्रा उघडा करणे, अशी आपल्या बहुतेक गॅरेजांतली रीत आहे. एका दुपारच्या त्या कामात सगळे दप्तर भुकटी होऊन जमिनीवर पडते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. ऐतिहासिक वास्तूंसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे, आणि हात लावण्यापूर्वी असेल ते नोंदवा, असे ती सांगते. तेवढ्यासाठी लागते एक वही, एक कॅमेरा आणि घासकागद उचलण्याआधीचे चार दिवस.