पाण्याचा विटाळ

नेसरीचं नाव काढलं की बाहेरचा माणूस आधी खिंड विचारतो. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनौबत प्रतापराव गुजर सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि इथं पडले, हे आपल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण त्या गोष्टीचं मूळ पाण्यात आहे, हे फार कुणी सांगत नाही. आदल्या वर्षी जतजवळ उमराणीला प्रतापरावांनी याच खानाचं पाणी तोडलं होतं. माणसं, जनावरं तहानेनं कासावीस झाली आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. ते महाराजांना रुचलं नाही. खान पुन्हा उलटला आणि पुढं नेसरीची लढाई झाली.

पाणी गेलं की फौज जाते, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी आपलं पाणी कसं राखलं? आपल्या तालुक्यातल्या सामानगडावर कधी गेलात तर खडकात खोदलेल्या, पायऱ्यांनी खाली उतरत जाणाऱ्या विहिरी बघा. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढं १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात गड बांधण्याआधी पाणी बघा असं सांगितलं आहे, आणि एकाच झऱ्यावर विसंबू नका, जादा टाकी खोदून त्यातलं पाणी अडचणीसाठी राखून ठेवा, असंही. आम्हाला त्यातली केराची गोष्ट जास्त आवडते. गडावरचा केर उतारावरून खाली ढकलायचा नाही. तो जागच्या जागी जाळायचा, राख परसात टाकायची आणि तिच्यावर घरोघर भाजीपाला करायचा. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजकारणाच्या पुस्तकात परसातली भाजी आली आहे!

गडाखाली गावात मात्र पाण्याचा हिशेब वेगळा चालला. तिथं पाणी कशानं बाटतं, या प्रश्नाला एकच उत्तर होतं: कुणाच्या तरी शिवण्यानं. अमक्या जातीनं हात लावला की बाटलं. बाई अडचणीची असली, तर तिनं घरातल्या हंड्याला शिवायचं नाही. आणि त्याच विहिरीत गावातले ‘चोख’ लोक पायऱ्या उतरून, चिखलाच्या पायांनी घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून घागरी भरत होते, त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या घोट्याएवढ्या पाण्यातच नारू होता.

तरण्या पोरींना नारू म्हणजे काय, हे ठाऊक नसेल. ते बरंच झालं. म्हाताऱ्यांना विचारा. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, आणि फोड फुटून दोऱ्यासारखी लांब अळी बाहेर यायची. ती काडीला गुंडाळत रोज बोटभर बोटभर ओढायची. घाई केली आणि तुटली की पाय सडायचा. माणूस ऐन सुगीत महिना-महिना अंथरुणाला खिळायचा. यावर औषध नव्हतं, आजही नाही. आगीनं हैराण झालेला माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात घालायचा, आणि नेमकी त्याच वेळी अळी आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडायची. ती पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि ते पाणी जो पिईल, त्याच्या अंगातून वर्षभरानं नवी अळी निघायची. म्हणजे रोग आला कुठून? पायरीवरून. जातीचा, पाळीचा तिथं काही संबंध नव्हता. पाय कुणाचाही असो, तो पाण्यात बुडत होता, एवढंच.

भारत सरकारनं १९८३-८४ साली नारू हटवण्याची मोहीम सुरू केली. आपल्या महाराष्ट्रातही नारू होता. काम साधंच होतं: पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या किंवा त्यांना कठडा आणि रहाट बसवायचा, हातपंप काढायचे, पाणी दुहेरी फडक्यानं गाळून घ्यायचं. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. लस नाही, गोळी नाही. कठडा, पोहरा आणि फडकं यांनी एक रोग देशातून गेला. फडकं धरणारे हात कुणाचे होते, ते काय सांगायचं! बांगलादेशातही असंच झालं. तिथल्या बायकांना जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं, तर त्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्यानं कमी झाली. २००३ साली हे छापून आलं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगलेले असतात आणि वीण दाट होते.

आता महाडचं आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं बाटलं म्हणून गावच्या सवर्णांनी ते ‘शुद्ध’ केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. ओंजळभर पाणी पिणाऱ्यानं तळं बाटलं आणि घागरीनं शेण ओतल्यावर ते चोख झालं! कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी त्याच्या आधीच, १९१९ साली, सार्वजनिक पाणवठ्यांवर शिवाशीव पाळायची नाही असा हुकूम काढला होता. हुकूम निघाला म्हणून मन लगेच वळत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं, तर इचलकरंजी फार जुनी नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून येते आणि पोटुशीला सगळ्यात जास्त धोका असतो. घाणीनं कुणाची जात विचारली नाही. आपली घटप्रभाही इथंच थांबत नाही. आपण काठावर जे धुतो, टाकतो, ते हिडकलच्या धरणात आणि पुढं गोकाककडच्या बायांच्या हंड्यात जातं. वरच्या अंगाला चंदगडकडच्या बाया काय टाकतात, ते आपल्या हंड्यात.

२०१९ साली जलजीवन मिशन आल्यापासून दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. आमच्या गटातल्या दोघी शिकल्या. ओढ्याकाठच्या एका विहिरीचं पाणी त्यांनी छोट्या बाटलीत भरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट. पाणी दिसायला काचेसारखं नितळ होतं, त्यामुळं कुणी विश्वास ठेवेना. एक आजी म्हणाल्या, ‘पोरींनो, तुमच्यातली कुणी अडचणीची असंल.’ आम्ही हसलो नाही. त्यांना हाताला धरून विहिरीच्या वरच्या अंगाला नेलं आणि उकिरडा दाखवला. वळवाचा पाऊस झाला की त्याचं काळं पाणी सरळ विहिरीकडं उतरत होतं. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा तर आमचाच.’

उकिरडा आता विहिरीच्या खालच्या अंगाला गेला आहे. मधल्या उतारावर वाळा लावला आहे, मुळं धरली की मातीही अडेल. जनावरं धुवायची जागा अजून तिथंच आहे, तिच्यावरून भांडण चालू आहे. दसऱ्यानंतर बाटली पुन्हा भरायची आहे, आणि या वेळी ती आपल्या हातानं भरणार, असं आजींनी सांगितलं आहे.